बल्गेरियाचा कंडक्टर आणि औशातला परण्या

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या मुलाचं लग्न मुहूर्तावर लागलं नाही आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे, असं आमच्या नातेवाइकांचं एकमत आहे. (आमच्या नातेवाइकांचं एकमत झालेली ही आजवरची एकमेव गोष्ट!)

खरं तर मी काहीच केलं नाही. मी फक्त भाषांतर केलं. बावीस वर्षं लातुरात पोरांना इंग्रजी शिकवतोय. बोलायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

लग्नाच्या दोन दिवस आधी माझ्या मुलीचा, मयूरीचा, पुण्याहून फोन आला. ती तिथं साउंड रेकॉर्डिंग शिकते.

"बाबा, स्टोयान नावाचा माझा मित्र येतोय. बल्गेरियाचा आहे. त्याला हलगी ऐकायचीय. माझी परीक्षा आहे, तुम्हीच सांभाळा त्याला."

"करतो काय तो?"

"कंपोझर आहे, कंडक्टर आहे, शिवाय ड्रम्स वाजवतो. लहानपणी आईची पातेली बडवायचा, आता सव्विसाव्या वर्षी त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर चाळीस माणसं वाजवतात!"

हे सगळं मी औशाला अक्काच्या घरी कळवलं. त्यातला 'कंडक्टर' तेवढा शिल्लक राहिला. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले!

"कंडक्टर? कोणत्या डेपोला हाय?"

"दाजी, एसटीचा न्हाई, बाजाचा."

"बाजाला कशाला लागतोय कंडक्टर? बेल मारायला?"

तर असा हा स्टोयान आला. दाराची चौकट डोक्याला लागेल एवढा उंच, दाढीवाला, पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी आणि काठ्या जास्त. स्वभावानं गरीब. अक्कानं वाढलेलं सगळं निमूट खाल्लं.

दुसऱ्या दिवशी परण्या होता. नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या देवळात दर्शन घेतो आणि वाजतगाजत मांडवाकडं निघतो, तो परण्या. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरदेवाला वेळेत मांडवात पोचवायची जबाबदारी मामाची, म्हणजे माझी! नवरीकडची मंडळी उदगीरची. टाइमाच्या बाबतीत लई कडक, असं दाजींनी मला तीन वेळा बजावलेलं.

अकरा वाजता हलगी पार्टीचे म्होरके असलेल्या किसन वस्तादांच्या हलगीवर थाप पडली आणि स्टोयानचे डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले, ते त्यानं एक हलगी मागून घेण्यासाठी. वाजवायला लागला तर सात मात्रांचं काहीतरी भलतंच! वस्तादांनी ते दोन मिनिटांत उचललं.

"लंगडा ताल हाय, सर! लई भारी!"

वस्तादांना भारी, पण नाचणाऱ्यांचं काय? आमची मंडळी सरळ तालावर नाचणारी. पाय टाकावा तर ताल पुढं गेलेला, थांबावं तर ताल अंगावर आलेला! नवरदेवाच्या दोन मित्रांची डोकी एकमेकांवर आपटली. घोडी तर शिकवलेली, नाचणारी. तिनं पुढचा पाय उचलला आणि तसाच धरून उभी राहिली.

"मामा," घोडीवरनं नवरदेव गणेश ओरडला, "घोडी इचार करायली!"

तेवढ्यात स्टोयाननं दोन्ही हात वर केले. सगळं चिडीचूप. कुठंतरी चुकलं होतं म्हणे.

"फ्रॉम द बिगिनिंग, प्लीज!"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. मी छाती पुढं काढली. "पहिल्यापासनं म्हणायलेत ते!"

"पहिल्यापासनं?" वस्तादांनी खात्री करून घेतली.

"हाव. पहिल्यापासनं!"

वस्ताद शब्दाचे पक्के. हलगी खांद्याला लावली, आख्खी पार्टी मागं वळवली. पार्टीमागं घोडी वळली, घोडीमागं वऱ्हाड वळलं आणि सगळा परण्या पुन्हा मारुतीच्या देवळात! गणेशनं खाली उतरून पुन्हा नारळ फोडला. स्टोयान आधी चकित झाला; मग इथली रीतच असेल असं समजून आमच्यामागं पळत आला.

अक्काचा फोन. "कुठंशी आलाव?"

"मारुतीच्या देवळापाशी."

"मघाशी बी तिथंच होताव की!"

"पुन्हा आलोत."

दुसऱ्या खेपेला भाजी मंडईपर्यंत पोचलो आणि पुन्हा हात वर! "फ्रॉम द बिगिनिंग!" आता माझी चूक माझ्या लक्षात आली होती: त्याला वाजवणं पहिल्यापासनं हवं होतं, परण्या नव्हे. पण भर रस्त्यात अर्थ बदलायचा म्हणजे बावीस वर्षांची अब्रू जायची! मी तोच अर्थ सांगितला. मारुतीला तिसरा नारळ मिळाला.

बारा वीस झाले. मी स्टोयानला हात जोडले. "सर, मुहूर्त गोइंग! वी फिनिश? येस?"

त्यानं चांगली जोरजोरात मान वरखाली हलवली.

"हो म्हणाले! चला रे!" मी जाहीर केलं. आणि त्यानं पुन्हा हात वर केले!

मी मयूरीवर फोनमधून ओरडलो, "हो म्हणतोय आणि थांबवतोय! डोक्यानं बरा हाय ना?"

"बाबा, त्यांच्याकडं मान वरखाली केली की 'नाही' होतं!"

म्हणजे काल अक्का "आणखी वाढू का?" विचारत होती, तेव्हा हा पोरगा मान हलवून हलवून नको म्हणत होता! नऊ पुरणपोळ्या!

बारा चाळीसला अक्का स्वतःच आली. पदर खोचलेला. तिनं घोडीचा लगाम धरला आणि स्टोयानकडं बोट केलं. "ए पोरा! लग्न हाय इथं, तालीम न्हाई! चल मुकाट्यानं!"

निव्वळ मराठीत! आणि त्याला सगळं समजलं. मग तो वऱ्हाडाकडं तोंड करून, उलटा चालत, हातवारे करत वाजवणाऱ्यांना घेऊन निघाला, तो न थांबता थेट मांडवात.

मांडवात नवरीचे वडील घड्याळ हातात काढून उभे. "उशीर कशानं झाला?"

दीडशे बोटं माझ्याकडं. "सरांमुळं!"

भटजींनी एक बावन्नचा मुहूर्त काढला. अक्षता पडल्या. जेवताना स्टोयान आणि किसन वस्ताद शेजारी बसले. एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता, पण ताटावर बोटं वाजवत दोघं हसून हसून लाल! माझ्या ताटात मठ्ठा वाढायलासुद्धा कुणी आलं नाही.

परवा मयूरीनं सांगितलं, स्टोयाननं त्या लंगड्या तालावर चाळीस वाद्यांसाठी एक रचना केलीय आणि त्यात हलगी वाजवायला वस्तादांना बल्गेरियाला बोलावलंय. मी तडक वस्तादांच्या घरी गेलो. त्यांनी पासपोर्ट पेटीतून काढून दाखवला. माझे डोळे भरून आले. म्हटलं, "वस्ताद, परक्या मुलखात एकटे कसे जाल? भाषांतराला मी येतो. फुकट!"

वस्तादांनी पासपोर्ट घाईघाईनं पेटीत परत ठेवला.

"नको सर," ते म्हणाले, "मला टाइमात पोचायचंय."