दूध खात्यात खडखडाट

जगात पैसे कमावणारे पुष्कळ आणि उडवणारे त्याहून पुष्कळ, पण पैसे नुसते बघत बसण्यात ज्याचा दिवस सुखाने जातो असा माणूस मी एकच पाहिलाय, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. माझी बायको धाकटी, तिची बहीण म्हणजे साडूंच्या घरच्या ताई थोरल्या, त्यामुळे मान साडूंचा. मला ते नावाने हाक मारत नाहीत. "काय ठाणेकर," म्हणतात, आणि ते अशा सुरात की ठाण्यात मानपाड्याला राहणं ही काहीतरी फार वरची पदवी असावी. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. तिथे प्रत्येक नटबोल्टला वेगळा खण होता. रिटायर झाल्यावर खण सुटले, म्हणून या गृहस्थाने बँकांमध्ये खाती उघडली. दुधाचं खातं वेगळं, सोसायटीच्या मेंटेनन्सचं वेगळं, लग्नामुंजीतल्या आहेराचं वेगळं, गणपतीचं वेगळं, दवाखान्याचं वेगळं. ही सगळी खाती एका ॲपमध्ये एकत्र दिसतात. त्या ॲपवर अगदी डोळे झाकून विसंबायला नको म्हणून दुसरं ॲप आहे, आणि त्या दोघांचं आपसात पटतंय ना, हे बघायला तिसरं.

एकदा सकाळी मी त्यांच्याकडे गेलेलो, तर ताईंनी समोर कोरा चहा ठेवला. मी कपाकडे बघतच राहिलो. साडू शांतपणे म्हणाले, "दूध खात्यात खडखडाट आहे. एक तारखेला भरणा होईल."

"अहो, मग आहेराच्या खात्यातून घ्या की!"

"मागच्या वेळी घेतलेले अजून कुठे परत केलेत?" असं म्हणून त्यांनी मला फोनवर ती नोंद दाखवली. आपल्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात उसने घ्यायचे आणि वर स्वतःलाच आठवण लावून ठेवायची! बरं, ती आठवण वाजली की हा माणूस खरोखर ओशाळतो हो. मी कपाळावर हात मारला आणि कोरा चहा प्यायलो.

खडवलीला नदीवर सहल काढलेली तेव्हाचीही तीच तऱ्हा. आम्ही सगळे पाण्यात, आणि हे काठावरच्या दगडावर एक हात उंच करून उभे. मला वाटलं, सूर्याची काही उपासना चाललीये. जवळ जाऊन बघतो तर कांदाभज्यांचा खर्च ॲपमध्ये चढत नव्हता आणि साहेब रेंज शोधत होते. "अहो, भजी गार होतायत!" मी ओरडलो. "आधी नोंद, मग भजी," ते म्हणाले. "पोट भरलं की माणूस विसरतो, ठाणेकर." शेवटी त्यांनी गार भजी खाल्ली, आणि ती इतकी समाधानाने खाल्ली की आमची गरम भजी खाऊन झाल्याचा मलाच पश्चात्ताप झाला.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना बायपास सांगितली. ठाण्यातलं एक हॉस्पिटल ठरलं. साडू ऑपरेशनला घाबरले नाहीत, पण एका काळजीने त्यांचं जेवण उडालं. आपलं काही बरंवाईट झालं तर ताईंना हा पसारा उलगडणार कसा? पिन कुठेही लिहून ठेवायचा नाही हा त्यांचा कडक नियम, आणि तिन्ही ॲप उघडायची ती फक्त त्यांच्या अंगठ्याने. मग त्यांनी रोज दुपारी जेवणाच्या टेबलावर शाळा भरवायला सुरुवात केली.

"अगं, हे बघ, इथे दाबलं की सगळी खाती समोर."

ताई मेथी निवडत राहायच्या. "मला नाही कळत त्यातलं."

"कळेल गं. चष्मा लाव आधी."

"सापडत नाहीये." चष्मा डोक्यावर असायचा. या ताईंनी शाळेत वर्षानुवर्षं गणित शिकवलंय, हेही इथेच सांगून टाकतो.

ऑपरेशनच्या सकाळी काउंटरवरून निरोप आला, उरलेले पैसे भरा. फोन साडूंचा, अंगठा साडूंचा, आणि साडू हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर! सिस्टरच्या विनवण्या करून मी आणि ताई फोन घेऊन आत गेलो. अंगठा टेकवला, ॲप उघडलं, तर दवाखान्याच्या खात्यात पैसे थोडे कमी.

"गणपतीच्या खात्यातून टाकू?" मी विचारलं.

"छे छे! त्याला हात लावायचा नाही!" स्ट्रेचरवरचा माणूस उठून बसायला लागला.

"अहो," ताई कडाडल्या, "गणपती काय तगादा लावणार आहे का तुमच्यामागे?"

सिस्टर हसली. साडूही हसले आणि त्यांनी मुकाट अंगठा दाबला. पैसे गेले. मग त्यांनी ताईंचं मनगट धरलं. "अगं, पिन सांगतो. तेवढा एक लक्षात ठेव. समजा, मी..."

ताईंनी मनगट सोडवून घेतलं आणि सरळ दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला काही सांगू नका. तुम्ही परत या आणि तुमचं तुम्ही बघा."

स्ट्रेचर आत गेलं. मला ताईंचा भयंकर राग आला. "ऐकून घ्यायचं होतंत हो," मी म्हटलंच.

साडू सुखरूप घरी आले, पण निम्मे होऊन. मी भेटायला गेलो तेव्हा गॅलरीत खुर्चीवर बसलेले, फोन मांडीवर पडलेला. "कितीतरी नोंदी राहिल्यात," ते म्हणाले, "पण मन लागत नाही हो ठाणेकर." आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

तेवढ्यात ताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि चष्मा लावला. "हं. शिकवा आता."

"आता? तेव्हा किती मागे लागलो होतो तुझ्या!"

"तेव्हा शिकले असते," ताई म्हणाल्या, "तर तुम्ही निर्धास्त होऊन गेला असतात."

साडूंनी ताईंचा अंगठा हातात घेतला आणि फोनवर टेकवला. नवा अंगठा ओळखून घ्यायला फोन वेळ लावत होता. उचला, पुन्हा टेकवा, असं सारखं सांगत होता. साडूंना काही घाई नव्हती.