एक चक्कर मारून येतो

“एक चक्कर मारून येतो,” असं मिस्त्री म्हणाले, की समोरच्याने खुशाल घरी जाऊन जेवून यावं. दुरुस्त केलेली गाडी स्वतः पळवून पाहिल्याशिवाय ते मालकाच्या हाती देत नसत. मग ती लाकडाच्या ठेकेदाराची लॉरी असो, की माझी सरकारी मोटारसायकल. त्यांची स्वतःची मात्र साधी सायकलही नव्हती.

पायाला भिंगरी असलेला एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या मिस्त्रींच्या अंगभर भिंगऱ्या होत्या. चांद्यातल्या त्यांच्या टपरीवजा कारखान्यात एकच स्टूल होतं, तेही गिऱ्हाइकासाठी. चहा ते उभ्यानेच पीत, आणि तेवढ्यात बशी हातात घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊनही येत. “बसा की मिस्त्री,” म्हटलं, तर म्हणत, “बसून काय करू साहेब? बसलं की अंगावर मुंग्या चालते.”

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी देवीडॉक्टर होतो, म्हणजे गावोगाव फिरून देवीची लस टोचणारा. अख्ख्या तालुक्याने माझ्यापुढे दंड उघडे केले, मिस्त्रींनी नाही. “पुढच्या चक्करले टोचा,” म्हणायचं आणि पसार व्हायचं. लॉरीचं चाक एकट्याने उचलणारा हा गडी टोचणीला भीत होता.

एका उन्हाळ्यात पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या गावातून निरोप आला, की काही घरांत माता, म्हणजे देवी, आली आहे. लस नागपूरहून थर्मासमध्ये बर्फात घालून आली होती. पण चांद्याच्या उन्हात बर्फ टिकणार किती? बर्फ गेला की लस वाया, आणि लस वाया गेली तर त्या गावची पोरं कशी वाचणार? नेमकं त्याच वेळी माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक गेलेलं. जंगलातल्या बैलगाडीच्या चाकोरीत आदळून रिम वाकली होती, आरे तुटले होते. लष्कराच्या भंगारातलं दुसरं चाक त्याच सकाळी बसच्या टपावरून आलं.

मिस्त्रींनी साखळी उतरवली, ब्रेकची दांडी सोडली, जुनं चाक ओढून काढलं. दुसरं बसवलं, तर ते एका अंगाला कललेलं. मी थर्मास पोटाशी धरून घिरट्या घालत होतो. मिस्त्री ओणवे होऊन मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून पाहत होते. एकीकडे वॉशर घाल, पुन्हा सुतळी; दुसरीकडचा नट फिरव, पुन्हा सुतळी. शेवटी दोन्ही चाकं एका रेषेत आली आणि मी हँडल धरलं.

“थांबा. एक चक्कर मारून येतो.”

“मिस्त्री, बर्फ वितळतोय!”

“दुसरं चाक हाय साहेब. पयल्या चक्करले नट ढिले पडते. बिना चक्कर मी गाडी देत नाई.”

“मग मी काय इथे उभा राहून त्याचं पाणी होताना बघू?”

त्यांनी थर्मासकडे पाहिलं, आणि किक मारली. “मागं बसा. चक्कर तिकडूनच मारू.”

वाटेत एका पळसाखाली थांबून त्यांनी पाना काढला आणि ढिले पडलेले नट आवळले. माझ्याकडे पाहिलं नाही.

गावात दारोदारी कडुनिंबाचे डहाळे होते. माणसं जमली, पण दंड कोणी पुढे करेना. घरात माता असताना टोचून घेतलं तर ती कोपते, असं त्यांचं म्हणणं. बोलून बोलून माझा घसा बसला. थर्मास हलवला, तर आत पाणीच डुचमळत होतं, बर्फाचे दोन-चार खडेच उरले होते. मिस्त्री गाडीभोवती येरझारा घालत होते. शेवटी एका म्हातारीने त्यांच्याकडे बोट दाखवलं.

“ह्याले टोचलं काय?”

मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्रींनी रस्त्याकडे पाहिलं.

“नाई ना टोचलं? मंग आमच्याच लेकरायले काऊन?” म्हातारी म्हणाली.

आता हा माणूस चक्कर मारायला निघतो, अशी माझी खात्रीच झाली. पण मिस्त्री आले आणि म्हातारीच्या अंगणातल्या बाजेवर बसले. होय, चक्क बसले. बाही वर केली, डोळे गच्च मिटले.

“या अल्ला! झालं काय साहेब?”

“अजून सुरुवात व्हायचीय.”

“मंग करा ना लवकर!”

म्हातारी हसली, तसं सगळं अंगण हसलं. टोचून झाल्यावर तिने मिस्त्रींच्या दंडावरचा रक्ताचा टिपका वाकून पाहिला, आणि आपल्या नातवाला पुढे केलं. बर्फाचा शेवटचा खडा विरायच्या आत सगळं गाव टोचून झालं. मिस्त्री तोवर कुठे तरी चक्कर मारायला गेले होते.

पुढे माझी बदली झाली. निघायच्या दिवशी, नव्या देवीडॉक्टरसाठी मोटारसायकल ठाकठीक करून ठेवायला मी त्यांच्याकडे नेली. निरोपाला हात पुढे केला, तर ते गाडीवर बसलेसुद्धा.

“एक चक्कर मारून येतो. तवरिक थांबा.”

मी थांबलो, पण बसवाला थांबेना, तसा बसमध्ये चढलो. मला रागच आला. इतक्या वर्षांनी निघताना माणसाने नीट निरोपही घेऊ नये?

गावाबाहेरच्या पुलावर माझी मोटारसायकल उभी दिसली. शेजारी कठड्यावर मिस्त्री बसले होते. हात मांडीवर, पाय स्थिर. मी खिडकीतून ओरडलो, पण बसच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नसावं. मला भडभडून आलं. वळण येईपर्यंत मी मागे पाहत राहिलो. ते बसलेलेच होते.