आवाज फाटतोय

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील समस्त सुज्ञ नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या बँडचा आवाज बिघडलेला नाही. तो तसाच आहे. कृपया वायरी हलवू नयेत.

जाहीर करावं लागतं, कारण आमच्याकडे मेटलकोर कुणी ऐकलेलं नाही. गिटार करवतीसारखी, गाणं पोटातून डरकाळी फोडून, आणि मध्येच पहारीनं खडक फोडावा तसे संथ ठोके. सराव दौंडला, ड्रमरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. रेल्वेच्या रुळाशेजारी कोण कुणाला 'हळू' म्हणणार? बासगिटार माझ्याकडे. चष्मा कपाळावर सारून तारा जुळवणारा बँडमध्ये मी एकटाच.

गायिका कारेगावची. कारखान्यात लाइनवर अख्खी पाळी उभी. बायकांनी बसायला स्टूल मागितलं, तर लेबर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "बसलं की झोप लागते." पोरगी पेटली. त्याच वाक्याचं तिनं गाणं केलं. ते तिला त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं. आमचं नाव, टाळ्या वगैरे गेलं खड्ड्यात.

आमचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला कारेगावातल्या एका मंडळाच्या गणपतीत, आणि प्रमुख पाहुणा तोच कॉन्ट्रॅक्टर! स्टेजच्या कडेला लाल सोफा, त्यात हा मांड्यांपर्यंत रुतलेला. फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला, भाषणं संपेनात. समोर पाळी सुटून आलेल्या लाइनवरच्या बायका. तिथंही उभ्याच! खुर्च्या मान्यवरांना. माझ्या डोक्यावर कुणी तवा ठेवला असता तर भाकरी भाजून निघाली असती.

एकदाचं सुरू केलं. तिनं पहिली डरकाळी फोडली, तसे साउंडवाले मामा पळत स्टेजवर.

"ताई, आवाज फाटतोय."

"फाटू द्या मामा. तोच आवाज हाय आमचा."

"अवो, घसा बसलाय तुमचा. खडीसाखर देऊ का?"

इतक्या मायेनं गळा दाबणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मामा परत आपल्या मिक्सरपाशी गेले, आणि पुढच्या डरकाळीला त्यांनी आमच्या भल्यासाठी तिचा माइकच बंद केला. सोफ्यावरचा हसला.

ते हसणं तिनं पाहिलं. माइक खाली टाकला, सोफ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि उघड्या गळ्यानं ओरडली, "बसलं की झोप लागते? मग सोफ्यावर तू जागा कसा?"

मग एक बाई फिस्सकन हसली, आणि सगळ्याच ओरडायला लागल्या, "स्टूल द्या! स्टूल द्या!" ड्रमरनं त्याखाली ते पहारीचे ठोके घातले. पाहुणा उठला. शाल सोफ्यात अडकली, ती तिथंच सोडून मागच्या शिडीनं उतरू लागला.

मिक्सरपाशी मामा आ वासून पाहत होते. हातात निवेदनाचा माइक. चालू.

"आवाज न्हाई वो, सायबाची फाटली!"