तीन नंबरचा कप्पा

आत्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही नसायचंच. चालू केला की नुसता करडा पडदा. चित्रं नाहीत, खाली पट्टी नाही, खिडकी बंद करायला कोपऱ्यात फुली नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये नवा आलेला प्रत्येक मास्तर एकदा तरी काळजीने म्हणायचा, "मैडम, आपका सिस्टम हैंग हो गया है." आत्या मान वर न करता दोन बोटं दाबायची, पडदाभर खिडकी उघडायची आणि मास्तर आल्या वाटेने परत जायचा.

माझे वडील लवकर गेले; ही त्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात दाना ओली या गल्लीतल्या दोन खोल्या आणि इंदरगंजकडची कॉलेजची लॅब, एवढंच तिचं जग. आमच्या नातेवाइकांत ती 'लॅबवाली आत्या' होती. मला कॉम्प्युटर तिनेच शिकवला, आणि आज नोएडात बसून मी ज्यावर पोट भरते ती विद्या तिचीच आहे.

तिच्या पडद्यावरच्या खिडक्या सांभाळायला एक अगदी छोटा प्रोग्राम होता. त्याला माउस लागत नसे. नवी खिडकी उघडली की आधीच्या खिडक्या आपापसात जागा वाटून घेत, कुणी कुणाच्या अंगावर चढत नसे. एकत्र कुटुंबाला हे कधी जमलं नाही, असं ती म्हणायची. त्यात काही बदलायचं तर सरळ त्याचा कोडच उघडायचा, ओळ बदलायची आणि प्रोग्राम नव्याने तयार करायचा. लोक त्यात भर घालतात. आत्या फक्त काढायची. "हे फालतू आहे, हटव," हे तिचं आवडतं वाक्य. पाहुण्याला चहा कपातून मिळे आणि तिला स्वतःला वाटीतून, कारण दुसरा कप तिने फालतू ठरवला होता. आम्ही हसायचो. मला तर तिच्या या हट्टाचा अभिमान होता.

मग थोरल्या काकांचं आजारपण आलं. ते आधी हजीऱ्याच्या बाजारातून घरी यायचा रस्ता विसरले, मग शर्टाची बटणं लावायचं, मग काकूचं नाव. आजोबांचंही असंच झालं होतं. काकांचं सगळं आटोपून टेंपोतून परत येताना आत्या शांतपणे म्हणाली, "आता घरात नंबर माझा आहे बघ."

"काहीतरीच काय बोलतेस आत्या."

"खरं तेच बोलते आहे. पण मी तयारी करून ठेवणार. जे ठेवलंच नाही, ते विसरायचं कसं?"

त्या दिवसापासून तिची काटछाट बघून मला हसू यायचं थांबलं. सुट्टीत गेले की मी पिशवी खाली ठेवायच्या आधी तिचा पडदा बघायची, या खेपेला काय गेलं म्हणून. पडद्याच्या कडेला एक बारीक घड्याळ उरलं होतं, ते गेलं. "भिंतीवर आहे ना," ती म्हणाली. पुढच्या खेपेला भिंतीवरच्या घड्याळासमोर उभी राहून तिने मला विचारलं, "किती वाजले ग?" मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा घड्याळाकडे बघत राहिली.

तिच्या प्रोग्राममध्ये नऊ कप्पे होते. ऑल्टचं बटण आणि एक दाबलं की पहिला उघडायचा, ऑल्ट आणि दोन दाबलं की दुसरा. एकमध्ये टपाल, दोनमध्ये कॉलेजचं काम, आणि तीनमध्ये मी. म्हणजे माझ्याशी गप्पा मारायची खिडकी तेवढी त्यात उघडी असे. रोज दुपारी ती डाव्या हाताचा अंगठा ऑल्टवर आणि मधलं बोट तीनवर एकदम दाबायची आणि मला नोएडात मेसेज यायचा, "जेवलीस?" निवृत्त झाल्यावर दोन नंबर गेला. नऊपासून चारपर्यंतचेही एकेक करून गेले. "तुझ्या तीनला हात नाही लावणार," असं तिने आपण होऊन मला सांगितलं होतं. ती तसं म्हणाली म्हणूनच मला धास्ती बसली.

एका दुपारी मेसेज आला नाही. मी फोन केला. आवाज खणखणीत होता.

"आज कॉम्प्युटर साफ केला," ती म्हणाली. "एक तीन नंबर होता. कशासाठी होता, खूप आठवून पाहिलं, पता नाही लागला. मग हटवून दिला."

"आत्या, तीनमध्ये मी होते."

पलीकडे गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक ऐकू आली. मग ती म्हणाली, "अच्छा. मग आता तू कुठे आहेस?"

मी सांगितलं, नोएडात. "हो हो, ते तर आहेच," ती घाईघाईने म्हणाली. "परत घालते मी. काम कितीसं आहे त्यात." दुसऱ्या दिवशी मेसेज आला नाही. तिसऱ्या दिवशी मी गाडी पकडली.

दार तिनेच उघडलं. स्वच्छ साडी, केस नीट विंचरलेले. मला बघून हसली आणि म्हणाली, "आइए, बैठिए."

आमच्याकडे मराठी घरातल्या माणसांशी आणि हिंदी बाहेरच्यांशी, हे कुणी शिकवावं लागत नाही. दूधवाला, भाडेकरू, बँकेतला माणूस, सगळ्यांशी हिंदी. आत्या माझ्याशी जन्मात हिंदी बोलली नव्हती, रागावली तरी मराठीतच रागवायची. मी तिथेच उंबऱ्यावर उभी राहिले.

"पानी लेंगी आप?"

"मी घेते ना, आत्या."

तिचा चेहरा उजळला. "आपको मराठी आती है? अच्छा लगा."

तिने मला खुर्ची दिली, तिचा तो एकुलता कप भरून चहा दिला आणि स्वतः कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. पडदा करडा होता. तिचा डावा हात कीबोर्डवर आपोआप गेला. अंगठा आणि मधलं बोट एकदम खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. ती दोन बटणं कुठली हे मला बघावं लागलं नाही.

काहीच उघडलं नाही. तिने कपाळाला आठी घातली आणि पुन्हा दाबलं.

"आत्या," मी विचारलं, "जेवलीस?"

तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, "जरा रुकिए, मेरी भतीजी से बात करनी है," आणि बोटं दाबत राहिली.