रोजची गोळी

रामाकोन्याच्या मालती सोमकुवरला लग्नानंतर दोन वर्षांनी मिरगीचे, म्हणजे फेफऱ्याचे, झटके येऊ लागले. ती आणि तिचा नवरा मोतीराम दोघंही संत्र्याच्या बगिच्यांत मजुरीला जात. शेजारणींनी नाना उपाय सुचवले, पण मोतीरामने कोणाचं ऐकलं नाही. तो तिला सरळ सौंसरला डॉक्टर मोरेश्वरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी तपासलं, गोळी लिहून दिली आणि बजावलं, "रोज घ्यायची. एक दिवसही चुकवायची नाही."

गुण आला. झटके थांबले. पण गोळी महाग होती. घरात तेल कमी पडू लागलं, तेव्हा मालतीने मोतीरामला न सांगता ती एक दिवसाआड घ्यायला सुरुवात केली. आपण संसाराला हातभार लावतोय, असंच तिला वाटत होतं.

संत्र्यांच्या तोडीच्या दिवसांत एका सकाळी ती झाडाला लावलेल्या शिडीवरून पडली. शुद्धीवर आली तेव्हा मनगट सुजलं होतं आणि भोवती बाया जमल्या होत्या. मोतीरामने तिला बैलगाडीत घालून सौंसर गाठलं.

"गोळी चुकवली ना?" डॉक्टर रागावले. "मी काय सांगितलं होतं?"

"एक दिवस सोडून घेऊन राहिली होती जी," मालती म्हणाली. मोतीराम तिच्याकडे बघतच राहिला.

"काऊन पण? मले तरी सांगाचं!"

"तुमाले सांगतली असती, त तुमी उपाशी राहून आणली असती." मग ती डॉक्टरांकडे वळली. "साहेब, हेच गोळी लागते का? याच्याहून सस्ती नाई का दुसरी?"

डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला. मिरगीच्या जुन्या, साध्या गोळीबद्दल ते कॉलेजात शिकले होते. सरकारी दवाखान्यात नोकरीला असताना त्यांनी ती कित्येकांना दिली होती. इथे स्वतःचा दवाखाना टाकल्यावर कंपनीचा माणूस महिन्या-महिन्याला येऊन नव्या गोळीचं गुणगान करू लागला आणि तेच नाव हाताला वळण पडल्यासारखं कागदावर उतरू लागलं. पेशंटला ती परवडेल का, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "जुनी आहे. सुरुवातीला झोप फार येईल, पण चांगली आहे. मी आधीच विचारायला पाहिजे होतं."

औषधाच्या दुकानात दुकानदार तुळशीरामने नाक मुरडलं. "ते कोणी ठेवत नाही साहेब. त्यात नफा सुटते काय?"

"मी लिहीन, तेव्हा लोक मागतील. नागपूरहून मागवा," डॉक्टर म्हणाले. ते स्वतः तिथवर चालत आले होते.

नवी गोळी हळूहळू कमी करत जुनी सुरू झाली. मोतीरामला भरवसा नव्हता. "एवढी सस्ती गोळी, खरी असंन का?" असं तो रोज विचारायचा. पहिले काही दिवस मालती चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगायची, भाकरी करपायची. पुढे सुस्ती उतरली. पावसाळा गेला, हिवाळा आला, झटका काही आला नाही.

डॉक्टरांचीही सवय बदलली. लिहिण्याआधी ते विचारू लागले, "किती जमेल?" काहींना त्याचा राग यायचा, स्वस्त औषध म्हणजे हलकं, असं वाटून ते दुसरीकडे जायचे. काही आजारांना स्वस्त औषध नव्हतंच, तेव्हा तेही ते स्पष्ट सांगायचे. मालती मात्र बगिच्यातल्या मैत्रिणींना सांगायची, "विचारा गोई. विचारल्यानं डॉक्टर खात नाई."

पुढच्या वर्षी तिने छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीने लोधीखेड्याला माहेरी जायचं ठरवलं. झटके सुरू झाल्यापासून ती एकटीने कधी प्रवासाला गेली नव्हती. मोतीराम सोबत यायला निघाला, तर तिने त्याला स्टेशनवरच थांबवलं.

"एकटी जाशीन?"

"हाव," ती म्हणाली आणि खिडकीजवळची जागा धरून बसली.