दारात धरलेलं नेट

मुलाखतीला पाऊण तास उरला होता आणि कॉम्प्युटरला नेट नव्हतं. ड्युसेलडॉर्फला आल्यापासून तीन वर्षं मी घरी होते. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये हयात घातलेली मी इथे जर्मन शिकत होते आणि अर्ज पाठवत होते. नकाराची वाक्यं मला पाठ झाली होती. ही पहिलीच कंपनी माझ्याशी बोलायला तयार झाली होती. सगळं ऑनलाइन, आधी बोलणं, मग लगेच चाचणी, आणि खोलीत एकटीने बसायचं, अशी अट होती. ही संधी गेली तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

सासूबाई राहायला आल्या म्हणून कॉम्प्युटर आमच्या झोपायच्या खोलीत हलवला होता. राउटर पॅसेजच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर केबल पोचेना, म्हणून अंगठ्याएवढा वायफाय ॲडॉप्टर आणला. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्रॅम, एका चिमुकल्या सीडीवर होता आणि आमच्या कॉम्प्युटरला सीडी घालायची सोयच नाही. नेटसाठी ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरसाठी नेट हवं. ज्याने हे डोकं चालवलं त्याला मी मराठीत जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. शेवटी फोन केबलने जोडून खिडकीच्या काचेला टेकवला, कारण मोबाइलची जेमतेम रेंज तिथेच येते, आणि ड्रायव्हर रडतखडत उतरवला. राउटरच्या पाठीवरचा लांबलचक पासवर्ड टाकला. निळा दिवा लागला. मी हुश्श केलं आणि दिवा गेला.

लागला, पुन्हा गेला. ड्रायव्हर काढून परत टाकला. वीज वाचवण्याची सेटिंग बंद केली. दिवा आपला उघडझाप करतोच आहे. नवऱ्याला मेसेज केला. तो मीटिंगमध्ये. उत्तर आलं, ‘रीस्टार्ट करून बघ.’ मी फोन पलंगावर भिरकावला.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. मी ॲडॉप्टर उपसून टॉर्चने त्याच्या जागी, कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टमध्ये, डोकावत होते. आत लालभडक काहीतरी. टाचणीने उकरलं तर वाळलेल्या कुंकवाचा पोपडा निघाला आणि मागे अक्षतेचा दाणा आणखी आत सरकला.

“आई, हे काय आहे?”

“अगं, काल खंडेनवमी नव्हती का? विळी पूजली, ड्रिल पूजलं. तुझी आज परीक्षा, म्हणून याच्या तोंडाला जरा जास्त लावलं.”

“तोंडाला? अहो आई, ते तोंड नाही! तिथेच सगळं जोडतात! वाट लागली माझी!”

मी ओरडले. चांगलीच ओरडले. त्यांनी कप टेबलावर ठेवला.

“मागे पण लावलंय का?” मी विचारलं.

“मागे माझा हात कुठला पोचतो!”

मी टेबलाखाली शिरून ॲडॉप्टर मागे जोडला. दिवा लागला आणि टिकला, पण कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यामागे आणि भिंतीच्या कोपऱ्यात सिग्नल मरतुकडा. एक्स्टेन्शन केबल लावून ॲडॉप्टर दारापर्यंत नेला. स्टुलावर ठेवला तर सिग्नल गायब, चौकटीला चिकटपट्टीने लावला तर गळून पडला. डोक्याच्या उंचीवर, पॅसेजकडे धरला की मात्र फुल्ल. पाच मिनिटं उरली होती.

“दे इकडे,” सासूबाई म्हणाल्या. दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि हात वर केला.

स्क्रीनवर कंपनीच्या एक बाई आणि एक गृहस्थ दिसू लागले. नमस्कार-चमत्कार झाले आणि बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “आल्झो, तर मग, खोलीत तुम्ही एकट्याच आहात ना?”

हो म्हणता आलं असतं. पण कॅमेऱ्यात अर्धवट उघडं दार दिसत होतं आणि त्यात एक सुरकुतलेला, मनगटभर बांगड्यांचा हात. “खोलीत एकटी आहे,” मी म्हणाले, “दाराबाहेर माझ्या सासूबाई आहेत. त्यांनी वायफाय धरलंय.”

मग गृहस्थ म्हणाले, “बघू शकतो का आम्ही?”

मी हाक मारली. सासूबाई दारात आल्या, पाहुणी माणसं बघितली आणि त्यांनी ॲडॉप्टरसकट दोन्ही हात छातीशी जोडले. चित्र गोठलं.

संपलं, असं मला वाटलं. तीन वर्षं नमस्कारात गेली. “आई, हात वर!” मी किंचाळले. त्यांनी दचकून हात वर केला आणि चित्र हललं. बाई हसून हसून डोळे पुसत होत्या. “दार उघडंच राहू दे,” त्या म्हणाल्या, “हात दिसला पाहिजे. चला, चाचणी.”

चाचणी लांबली. त्यांनी मुद्दाम चुका पेरलेला प्रोग्रॅम दिला होता आणि त्या शोधता शोधता माझी भीती कधी गेली कळलं नाही. हे काम मला येतं, हे मीच विसरले होते. शेवटी दोघं एकमेकांकडे बघून मान डोलावू लागले आणि त्यांनी पुढच्या महिन्यापासून याल का, असं विचारलं. मी ‘या, या’, म्हणजे जर्मनमधलं हो, हो, म्हणत राहिले.

स्क्रीनवरची कॉलची खिडकी बंद केली आणि वळले. सासूबाईंचा हात तसाच वर होता, डाव्या हाताने कोपर सावरलेला, बोटं पांढरी पडलेली.

“आई, झालं. खाली करा.”

“नक्की झालं? की मध्येच बंद पडलं?”

“झालं हो.”

“मिळाली का?”

“मिळाली.”

मग त्यांनी हात खाली केला. दंड भरून आल्यामुळे तो सरळ होईना. मी त्यांना पलंगावर बसवलं आणि दंड चोळत रडले.