खारातले गरे

पावसच्या फाट्यावर एसटीची वाट बघत मी एका आजींच्या पडवीत टेकलो होतो. आजी फणसाचे कच्चे गरे बरणीत खारवत होत्या. गऱ्यांचा एक थर झाला की त्यावर मीठ, आणि मग तान्ह्या बाळाला थोपटावं तसं हलकंच थोपटणं. मिठाला मात्र हात फारच सढळ.

"आजी, खारट होतील हो!" मला राहवेना.

"मुद्दाम घालत्ये," आजी हसल्या. "गणपतीला मुलगा येतो मुंबईहून. आल्यापासून जायची घाई. पण या गऱ्यांची भाजी खाल्ल्याशिवाय निघत नाही. मीठ जास्त असलं की गरे रात्रभर पाण्यात ठेवायला लागतात. तेवढाच एक दिवस जास्त राहतो."

एसटी आली. चढताना वळून पाहिलं, तर आजी बरणीत आणखी एक मूठ मीठ टाकत होत्या.